इंग्रजीतील जोडक्रियापदे
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे इंग्रजी मुलांच्या पुस्तकांवरून शिकले. त्यात छळले ते या जोडक्रियापदांनी. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे! (हे शेवटचे आपणांस शिकवायला नको.)

गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींना इस्पितळाची चिठ्ठी आली, ऑपरेशन 'पुट ऑफ' केले आहे. घरच्यांना वाटले, रद्दच झाले. रद्द करणे म्हणजे 'कॉल ऑफ'. वेळेवर कळले म्हणून बरे, नाहीतर दुखणे अंगावर काढत त्या बसल्या असत्या.

आपल्या मराठीत तरी काय? 'तुला पाहून घेते' यात पाहणे किती आणि दम किती! म्हणून शब्द सुटा पाठ करू नये, वाक्यासकट करावा. आणखी एक खुबी. 'इट' आले की ते मध्ये बसते, 'पुट इट ऑफ'. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, ते मात्र फुटत नाही. 'लुक आफ्टर हिम' असेच म्हणावे.

'गेट'ची जोडपी फार आहेत. ती पुढच्या बैठकीला घेऊ. येताना वही आणा.