तारीख घाला, वर्षासकट

श्रोते हो, मिनिटं मोजकी आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येते. गावाकडची बातमी परदेशातल्या आपल्या माणसांना कळवता ना? मग तिच्यावर तारीख घालत जा.

सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसमध्ये बँकांचे आणि कंपन्यांचे मनोरे आहेत. तिथे नोकरी करणारी आपली मुलं-मुली दुपारच्या सुट्टीत लाऊ पा सात या खाद्यबाजाराच्या लोखंडी छपराखाली जेवायला बसतात आणि फोन उघडतात. फोनवर गाव हजर असतं. 'उद्या नळाला पाणी येणार नाही.' 'घाट बंद, दरड कोसळली.' 'आठवडी बाजार या वेळी शनिवारी भरेल.' 'रविवारी कलशारोहण, सर्वांनी यावे.' मला या बातम्या मोलाच्या वाटतात. दिल्ली-वॉशिंग्टनच्या बातम्या कुठेही मिळतात. आपल्या आळीत पाणी नाही हे आळीतलंच कुणीतरी सांगावं लागतं. पण हा उद्या कुठला? रविवार कोणता? घाट यंदा बंद झाला की मागच्या पावसाळ्यात?

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. रात्री साडेनऊनंतर तुम्ही 'उद्या' लिहिता, तेव्हा तिथे तो 'आज' झालेला असतो. आणि तुम्ही म्हणाल, फोन दाखवतोच की तारीख! फोन निरोप पाठवल्याची तारीख दाखवतो. बातमी घडल्याची नाही. आत्यानं मामींना, मामींनी गटावर, गटावरून आणखी चार गटांवर. प्रत्येक हाताला बातमी नवी कोरी होते.

भाकरी करणाऱ्यांना हे लगेच पटेल. ज्वारीचं पीठ ताजं आणि जुनं शेजारी ठेवलं तर रंगानं ओळखू येत नाही. परातीत घेऊन थापायला लागलं की कळतं. विरी गेलेली असते, भाकरीला चिरा पडतात, उचलायला जावं तर तुकडे. तोवर तवा तापलेला, माणसं पानावर बसलेली. जुनी बातमीही अशीच, गाडी घाटाच्या पायथ्याशी पोचल्यावर कळते. शिवाय जुनं पीठ नव्यात मिसळलं की नवंही हातचं जातं. एक-दोनदा फसलेला माणूस मग खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवत नाही. म्हणून डब्यावर चिठ्ठी लावायची, दळण कधीचं ते. जुनं पीठ टाकून द्यावं असं मी म्हणत नाही हं. कणीक, बेसन घालून त्याचे धपाटे छान होतात. फक्त ते जुनं आहे हे ठाऊक हवं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो रक्ताच्या निरोपानं. 'अमुक गटाचं रक्त तातडीनं हवं', खाली नंबर. रुग्ण बरा होऊन घरी येतो, कधी येतही नाही. नंबर मात्र फिरत राहतो. परक्या शहरांतून त्या घरी फोन येत राहतात, आणि प्रत्येकाला तेच उत्तर द्यावं लागतं. पहिल्या निरोपावर दिवस आणि वेळ असती तर हे टळलं असतं.

तारीख घातली तर काय होतं, तेही रॅफल्स प्लेसमध्येच दिसतं. त्या जागेला १८५८ पर्यंत कमर्शियल स्क्वेअर म्हणत. तिथल्या सात नंबरच्या जागेतून १५ जुलै १८४५ रोजी 'स्ट्रेट्स टाइम्स' हे वर्तमानपत्र निघालं. आठवड्याला आठ पानं, हातानं चालवायचं छापयंत्र, वर्गणी महिन्याला पावणेदोन डॉलर. मार्टिरोझ अपकार या आर्मेनियन गृहस्थाचा पत्र काढायचा बेत पैशाअभावी अडला. त्याचा मित्र कॅचिक मोझेस यानं तो अंगावर घेतला, आणि संपादक नेमले मुंबईहून आलेले रॉबर्ट कार वुड्स. बंदरावरचं लहान व्यापारी गाव होतं ते. कुठलं जहाज लागलं, कुठलं सुटलं, मालाचा भाव काय, हीच तिथली रोजची बातमी. आज सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ती जुनी पानं घरबसल्या वाचता येतात. जहाजाच्या नावाशेजारी तारीख आहे, म्हणून पावणेदोनशे वर्षांनंतरही ती बातमी उभी आहे.

आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' त्याआधीचं, ६ जानेवारी १८३२. त्यानंतर शंभर वर्षांनी नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात 'सकाळ' काढला आणि गावोगावच्या बातमीला मान दिला. परंपरा आहे आपल्याला. पूर्वी दवंडी पिटत. दवंडीला तारीख लागत नसे, कारण सांगणारा आणि ऐकणारा एकाच चौकात उभे. आता तुमचा निरोप तुमच्याशिवायच समुद्र ओलांडतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात तारीख असते, शाळेच्या फळ्यावर वार, दिनांक, पट, हजर, सगळं असतं. लग्नपत्रिकेत तर आपण शके, मिती, वार, दिनांक लिहून मुहूर्त मिनिटासकट देतो. मग पाण्याच्या बातमीलाच काय झालं?

फार लिहायला सांगत नाही. 'बुधवार', मग तारीख, महिना, वर्ष. आणि ठिकाण: 'आपल्या पुलाजवळ' नको, पुलाचं नाव. वर्ष तर घालाच, पुन्हा सांगते. गावाकडचा पूर दरसाल त्याच महिन्यात येतो. वर्ष नसेल तर मागच्या पुराचं छायाचित्र पाहून तिकडे लेक रात्रभर जागी राहते, आणि तुम्ही इकडे निवांत झोपलेले असता.

निधनवार्तेबद्दलही बोलायचं होतं. त्यात दहावा-तेराव्याची तारीख असते, पण माणूस गेला कधी तेच बरेचदा… काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे. ते पुढच्या भाषणात घेते.