अध्यक्षांचे दालन आणि ढाक्याची तार



अमेरिकेच्या राज्यघटनेने कार्यकारी सत्ता एकाच व्यक्तीच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या, हाती सोपविली आहे. आपल्याकडे मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. तेथील मंत्र्यांची नेमणूक सिनेटच्या संमतीने होत असली, तरी अध्यक्ष त्यांना केव्हाही दूर करू शकतात. त्यामुळे अध्यक्षांच्या कानापर्यंत कोणाचा शब्द पोहोचतो, यावर तेथील प्रत्येकाचे वजन ठरते.

रिचर्ड निक्सन यांनी २० जानेवारी १९६९ रोजी अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली. परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स हे त्यांचे जुने स्नेही, तर राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर हे हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक. देशोदेशीच्या वकिलाती रॉजर्स यांच्या खात्याकडे होत्या. किसिंजर यांचे दालन मात्र व्हाइट हाउसमध्येच होते. परराष्ट्र खात्यातील अधिकाऱ्यांवर निक्सन यांचा विश्वास नव्हता आणि परराष्ट्र धोरणाची सूत्रे त्यांना आपल्याच हाती ठेवावयाची होती. साहजिकच महत्त्वाच्या आंतरखातीय समित्यांचे अध्यक्षपद किसिंजर यांच्याकडे आले. मंत्रिपद एकाकडे आणि सत्ता दुसऱ्याकडे, अशी स्थिती निर्माण झाली.

या व्यवस्थेची कसोटी १९७१ मध्ये लागली. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात हत्याकांड आरंभिले. तेथील अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी डोळ्यांदेखत घडलेले सारे वॉशिंग्टनला कळविले. तरीही सरकारने मौन सोडले नाही. तेव्हा ६ एप्रिल रोजी ढाक्यातील वीस अमेरिकन कर्मचाऱ्यांनी आपल्याच शासनाच्या धोरणाशी असहमती नोंदविणारी तार पाठविली आणि ब्लड यांनी तिला आपला पाठिंबा जोडला. असा मतभेद वरपर्यंत कळविण्याची सोय परराष्ट्र खात्यानेच करून दिलेली होती. तरीसुद्धा ब्लड यांची ढाक्याहून उचलबांगडी झाली.

या मौनाचे एक कारण अत्यंत गुप्त होते. निक्सन व किसिंजर यांना चीनशी संधान बांधावयाचे होते आणि तो मार्ग पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांच्यामार्फत जात होता. याह्याखानांवर तूर्त दबाव आणू नये, असा शेरा निक्सन यांनी स्वहस्ते लिहिला. जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला गेले. खुद्द परराष्ट्रमंत्र्यांनाही या भेटीचा पत्ता अगदी अखेरीस लागला. इकडे भारतात येणाऱ्या निर्वासितांची संख्या वर्षअखेरीपर्यंत सुमारे एक कोटीवर गेली.

डिसेंबरमध्ये युद्ध पेटले आणि व्हाइट हाउसमधील गुप्त बैठकांचे वृत्तांत पत्रकार जॅक अँडरसन यांच्या स्तंभातून प्रसिद्ध होऊ लागले. अध्यक्ष पाकिस्तानच्या बाजूने झुकलेले आहेत, हे त्यातून जगाला कळले. माहिती कोठून फुटली याचा शोध घेताना भलतेच प्रकरण उघडकीस आले. नौदलातील एक लेखनिक किसिंजर यांच्या कागदपत्रांच्या प्रती गुपचूप काढून लष्करप्रमुखांच्या मंडळाकडे पोहोचवीत होता! ज्यांना निर्णयापासून दूर ठेवले, त्यांनी मागील दाराने माहिती मिळविली. निक्सन यांनी हे प्रकरण दडपून टाकले. सप्टेंबर १९७३ मध्ये रॉजर्स गेले आणि किसिंजर सल्लागारपद राखून परराष्ट्रमंत्रीही झाले. मात्र वॉटरगेट प्रकरणामुळे ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांनाच पायउतार व्हावे लागले.

दार बंद केल्याने गुप्तता राहिली नाही. प्रामाणिक अधिकारी दूर गेला, सहकारी परस्परांवर पाळत ठेवू लागले आणि जेथून खरी माहिती येत होती तीच वाट निरुपयोगी ठरली. प्रशासन वॉशिंग्टनचे असो वा एखाद्या ग्रामपंचायतीचे, अप्रिय अहवाल आणणाऱ्याला शिक्षा झाली की पुढचा अहवाल गोड होऊन येतो.

ब्लड यांना त्यांच्या निर्भय मतभेदाबद्दल अमेरिकन परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांच्या संघटनेने १९७१ मध्येच गौरविले. त्यांच्या ढाका कार्यालयाच्या तारेने निर्णय बदलला नाही. पण ती दप्तरात राहिली, पुढे खुली झाली आणि वॉशिंग्टनला काही ठाऊकच नव्हते, असे म्हणण्याची सोय तिने कोणालाही ठेवली नाही.