बिनफाळक्यांची मालमोटार

डिचोलीत मालमोटार म्हणजे खाणीवरून धक्क्यापर्यंत खनिज नेणारी, असेच समीकरण होते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबले आणि दारोदारी टिपर उभे राहिले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. एकाच मालावर बेतलेले वाहन त्या मालाबरोबरच थांबते. म्हणून डिचोली-पेडण्यातील नवशिक्या चालकाने सपाट, बिनफाळक्यांच्या गाडीचा विचार अवश्य करावा. तिच्यावर सळ्या जातात, यंत्रेही जातात. मात्र बाजूंचा आधार नसल्याने सारी भिस्त बांधणीवर! तेव्हा रंगरंगोटीची हौस मागाहून. आधी साखळ्या, ताणपट्टे, लाकडी पाचरी, जाड ताडपत्री. काथ्याचा दोर सळ्यांवर घासून तुटतो. थोडे अंतर गेल्यावर गाडी थांबवून बांधणी पुन्हा आवळावी. धक्क्यांनी माल खाली बसतो आणि पट्टे सैल पडतात.