आरंभ आपल्या दारापासून
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



कोथरूडमध्ये शाळा सुटली की मुलांचे हात रंगीत पाकिटांकडे वळतात. घरचा लाडू फिका पडतो, कारण जाहिरात मुलांशी आपल्यापेक्षा अधिक बोलते.

कायदा नाही, असे नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये असे पदार्थ शालेय उपाहारगृहांत वर्ज्य ठरविले. २०२० च्या केंद्रीय नियमांनी अति मेद, साखर व मीठ असलेल्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या दारापासून ५० मीटरपर्यंत निषिद्ध केली. परंतु पाहणाऱ्याने डोळे मिटले की नियम कागदावरच राहतो.

ते डोळे मिटवितो कोण? लाच घेणाऱ्याइतकाच देणाराही. २०१८ च्या दुरुस्तीने देणाऱ्यालाही अपराधी ठरविले. आपल्या तत्त्वार्थसूत्राने तर भेसळ आणि राज्यनियमांचे उल्लंघन हे अचौर्याणुव्रताचे अतिचार म्हणून केव्हाच सांगून ठेवले आहेत.

म्हणून आज एक नियम घेऊया. आपल्यापैकी कोणाचे दुकान त्या ५० मीटरांत असेल, तर आरंभ तेथूनच व्हावा. लाच देऊन काम करवून घेणार नाही, आणि अडवणूक झाल्यास २००५ च्या माहिती अधिकाराने लेखी जाब विचारू. मुले उपदेशापेक्षा आपले आचरण पाहतात.

जय जिनेंद्र!