रंगाचा दुसरा हात



वसंत व्याख्यानमालेच्या विषयांचा एक शिरस्ता पडून गेलेला आहे. एका संध्याकाळी ज्ञानेश्वरी, दुसऱ्या संध्याकाळी राज्यघटना, तिसऱ्या संध्याकाळी कापसाचे भाव. अशा मांडवात उभे राहून मी जुन्या खेळण्यांना पुन्हा रंग देण्यावर बोलणार आहे, हे पत्रिकेत वाचून काहींनी कपाळाला आठी घातली असेल. पण वाशीमकरांनी तरी या विषयाला हलके म्हणू नये. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त याच गावाला मदनाचे क्रीडास्थान म्हटले आहे. ज्या गावात देव खेळायला येतात, त्या गावात खेळण्यांवर तासभर बोलायला हरकत नसावी.

आपल्या घरातल्या सर्वांत जुन्या खेळण्यापासून सुरुवात करू. श्रावणातल्या अमावास्येला पोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीराजांनी ही प्रथा सुरू केली असे सांगतात. थोरांचे खरे बैल, तसे पोरांचे लाकडी बैल, चार चाकांवर उभे आणि दोरीने ओढायचे. तोरणाखाली रांग लागते, बक्षिसे होतात आणि मग घरोघर बैल फिरवून बोजारा मिळवायचा. विदर्भातल्या मुलाच्या आयुष्यातली ही बहुधा पहिली कमाई.

या बैलाकडे नीट पाहा. सागवानाचा असेल तर तो आजोबांच्या वेळचा असू शकतो. त्याच्या शिंगाचे टोक काकाने मोडलेले असते, चाकाची कुणी आत्या साक्षीदार असते. दरवर्षी पोळ्याच्या आठवड्यात तो माळ्यावरून उतरतो, त्याची धूळ झटकली जाते आणि त्याला रंगाचा एक नवा हात मिळतो. एखाद्या जुन्या बैलाचा रंग कुठे टवका उडून उघडा पडला, तर आत पांढरा, त्याखाली तांबूस, त्याखाली पिवळा असे थर दिसतात. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षांची वर्तुळे, तसे हे घराच्या वर्षांचे थर. सुगीच्या वर्षी चांगला तैलरंग लागला असेल, दुष्काळात नुसता गेरू.

आता तुम्ही म्हणाल, बाजारात स्वस्तात नवा बैल मिळतो, मग जुन्याला रंगवण्याचा हा उद्योग कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नुसत्या काटकसरीत नाही. एक गोष्ट तुम्ही सगळे पाहता आहात. गोठ्यातला खरा बैल कमी होत चालला. नांगरटीला ट्रॅक्टर आला, आणि ज्या घरात चार बैल होते तिथे पोळ्याला मातीची जोडी पाटावर मांडून पूजा होते. त्या घरातल्या मुलाला बैलाची वशिंड, खांदा, कपाळावरचा भोवरा कुठे कळणार? तो लाकडी बैलावरच कळणार. आणि नुसता ओढून कळणार नाही. त्याला रंग देताना कळेल. कुंचला हातात घेतला की डोळा थांबतो. वशिंडीचा उतार कुठे संपतो आणि पाठ कुठे सुरू होते, हे रंगवणाऱ्या पोराला विचारावेच लागते.

हा छंद आपल्याच मुलखात आहे असे नाही. इंग्लंडात १८९३ पासून ब्रिटन नावाच्या कारखान्याने पोकळ शिशाचे रंगीत शिपाई काढले आणि घरोघर मुलांच्या फौजा उभ्या राहिल्या. एच. जी. वेल्स हा मोठा लेखक. त्याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून या शिपायांच्या लढाईचे रीतसर नियम बांधले. पुढे १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि १९८३ साली इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ हे खेळ निघाले. त्यांत शिपायांच्या जागी राक्षस, वेताळ, जादूगार आणि पंखांचे सर्प आले. इंच-सव्वा इंचाच्या या मूर्ती बिनरंगाच्या विकत मिळतात आणि खेळणारा स्वतः त्यांना रंगवतो. कित्येक शौकीन तर दुसऱ्याने रंगवून टाकून दिलेल्या मूर्ती घेतात, जुना रंग उतरवतात आणि पुन्हा आपल्या मनाने रंगवतात. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे ज्याने कधी नव्याने रंगवले, त्याला यात नवल वाटणार नाही. बुरुजावरच्या तोफेशेजारी गेल्या वर्षीचा फेटा उडालेला मावळा उभा करायला कोणत्याही किल्लेदाराला लाजच वाटते.

खेळात रंग ही शोभेची वस्तू नसते, ती खेळाची भाषा असते. सारीपाटाच्या सोंगट्यांचे चार रंग काढून टाका, खेळ संपला. सावंतवाडीची गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, अशी एकशेवीस पाने असतात; आणि पान कोणत्या अवताराचे हे त्याच्या भूमीच्या रंगावरूनही ओळखू येते. म्हणून पुन्हा रंगवणाऱ्याने पहिला प्रश्न हा विचारावा, की या रंगाने काही सांगितले जात होते काय? सांगितले जात असेल, तर ते पुसू नये.

आता थोडे कारागिरीकडे वळू. रंगकाम बिघडते ते रंगामुळे क्वचित, बहुधा घाईमुळे. पहिली पायरी स्वच्छतेची. हाताचे तेल, उदबत्तीचा धूर, हळदकुंकू यांचा एक चिकट पापुद्रा जुन्या खेळण्यावर असतो. त्यावर दिलेला रंग धरत नाही. रिठ्याच्या किंवा साबणाच्या कोमट पाण्याने लाकूड पुसावे, भिजत घालू नये, आणि दोन दिवस सावलीत वाळू द्यावे. उन्हात ठेवले तर लाकूड तडकते. भेगा लांबीने भराव्या. खडूची पूड आणि जवसाचे तेल यांची घरी मळलेली लांबी अजूनही उत्तम. मात्र ती सुकायला सवड द्यावी लागते. मग अस्तर. अस्तराचा हात पातळ आणि एकसारखा हवा, कारण वरचा सगळा संसार त्याच्यावर उभा असतो.

रंग नेहमी पातळ करून द्यावा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. जाड रंगाने कोरीव काम बुजते. बैलाच्या नाकपुड्या, मावळ्याची बोटे, वेताळाचे दात सगळे लापशीत बुडाल्यासारखे होतात. छोट्या मूर्तीची आणखी एक अडचण आहे. खऱ्या बैलाच्या पोटाखाली सावली पडते. चार बोटांच्या बैलावर ती पुरेशी पडत नाही. म्हणून सावली रंगवावी लागते. गडद रंग पाण्यासारखा पातळ करून अंगावर सोडला की तो खाचाखोचांत जाऊन बसतो. तो वाळला म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवरून फिकट रंग हलकेच फिरवायचा. मूर्ती उठून दिसते. डोळे अगदी शेवटी. गणपतीच्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी सर्वांत कसलेल्या हाताकडे राखलेली असते. डोळे चुकले तर बाकीची सगळी मेहनत आंधळी.

इथे एक गंभीर गोष्ट सांगतो, आणि आज दुसरे काही घरी नेले नाही तरी एवढे न्या. जुन्या तैलरंगांत शिसे असे. आपल्या परंपरेतले सुंदर रंगही सगळे सोज्वळ नाहीत. अस्सल शेंदूर हा शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ सोमलाच्या कुळातला. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत नव्वद भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. म्हणजे त्यापूर्वीचा रंग अंगावर असलेला बैल संशयितच समजायचा. शिसे लहान मुलाच्या मेंदूला अपाय करते, आणि रक्तातले अमुक इतके शिसे निर्धोक असे जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, कारण ती पूड श्वासात जाते. जाळून काढू नका, कारण तो धूर त्याहून वाईट. घासणे भागच असेल तर पाणकागद ओला करून, घराबाहेर, नाकातोंडावर बारीक धूळ अडवणारा मुखवटा लावून मोठ्या माणसाने घासावे. गरोदर बाई आणि मुले त्या वेळी जवळ नकोत. ओला गाळ कागदात गुंडाळून टाकावा, अंगणात धुऊन सोडू नये. जुना रंग घट्ट धरून असेल तर तो उकरण्याच्या भरीस न पडता वरून बिनशिशाच्या रंगाचे दोन हात द्यावे. आणि ज्या घरात तोंडात वस्तू घालणारे मूल आहे, तिथे आजोबांचा बैल काही वर्षे फडताळावरच शोभू द्यावा. आठवण जपायची म्हणून पोराला विष चाटवायचे नसते.

एवढी काळजी घेतल्यावर खरा प्रश्न उरतो तो हा, की काय झाकायचे आणि काय ठेवायचे? यासाठी वाशीमकरांना दूर जावे लागत नाही. वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे दान केले. तसा शिलालेख तिथे आहे. म्हणजे त्या जगप्रसिद्ध भिंतींच्या रंगाशी आपल्या गावाचे नाते आहे. त्या चित्रकारांनी आधी भिंतीवर चिखलाचे लिंपण दिले, वर चुन्याचा पातळ हात, मग रेषा, मग रंग. पुढे शतके गेली. १९२० ते १९२२ या काळात निजामाच्या राज्याने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन कारागिरांना चित्रांची डागडुजी करण्यासाठी आणले. त्यांनी पोपडे चिकटवले, पडती चित्रे वाचवली, आणि संरक्षणासाठी वरून लाखेचे रोगण दिले. हेतू चांगला होता. पण काळाने ते रोगण पिवळे-तपकिरी झाले, चित्रे धुरकट दिसू लागली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना पुढे कित्येक वर्षे ते रोगण उतरवत बसावे लागले. यातून घरगुती रंगाऱ्यानेही एक नियम उचलावा: जे उद्या कुणाला काढता येईल, तेच आज वर चढवा.

दुसरा दाखला आपल्याच जिल्ह्यातला, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचा. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनाही पूज्य. मूर्तीला वेळोवेळी लेप द्यावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लेपात कंबरेची चिन्हे दाखवावी की नाही, यावरून मतभेद झाला. १९१० साली दावा दाखल झाला, आणि १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा निकाल झाला. तरीही प्रश्न शमला नाही. १९८१ साली दरवाजे बंद झाले, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली उघडले. कोणाचे म्हणणे बरोबर, हा आज इथला विषय नाही आणि माझा अधिकारही नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की वरचा पातळसा थर हा नुसता थर नसतो. मूर्ती कोणाची आणि कशी, हे तो ठरवू लागतो. मग त्या थराचा कुंचला कोणाच्या हाती, हा प्रश्न चार पिढ्या पुरतो.

घरातल्या बैलाचा कज्जा लंडनपर्यंत जाणार नाही, हे मी जाणतो. पण न्याय तोच. जुन्या पोथ्यांत चुकलेले अक्षर झाकण्यासाठी त्यावर हरताळ लावीत. त्यावरून ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे आला. पुन्हा रंगवणे दोन प्रकारचे असते. एक हरताळ फासणारे, म्हणजे आधीच्या हाताची खूण नाहीशी करणारे. दुसरे त्या हाताला पुढे चालवणारे. पहिल्या प्रकारात बैल नवा दिसतो पण कोणाचाच राहत नाही. दुसऱ्या प्रकारात मोडलेले शिंग मोडलेलेच ठेवतात, त्याला सोनेरी टोक देतात. आणि पोटाखाली, जिथे सहज दिसत नाही तिथे, बोटभर जागा जुन्या थरांसाठी मोकळी सोडतात. त्या जागेवर बिनरंगी रोगणाचा हात फिरवला की काम झाले. पुढच्या पिढीला तिथे बोट ठेवून मोजता येईल, की हा बैल आपल्या घरी किती पोळे जेवला.

एक शेवटची विनंती आयांना आणि आजोबांना. शिशाची धास्ती दूर केल्यावर, अस्तर वाळल्यावर, कुंचला पोराच्या हाती द्या आणि दुसऱ्या खोलीत जा. झूल जांभळी होईल, खुरे हिरवी होतील, रंग फरशीवर सांडेल. होऊ द्या. शेजारच्या घरात तयार आणलेला, यंत्राने रंगवलेला बैल कितीही झळकत असो, तोरणाखाली रांगेत उभे राहताना ज्याने आपला बैल स्वतः रंगवला ते पोर दोरी वेगळ्या हाताने धरते. खरा बैल सांभाळणे आता सर्वांच्या आवाक्यातले राहिलेले नाही. पण सांभाळणे म्हणजे काय, वर्षातून एकदा उतरवून, पुसून, भेग भरून, रंगाचा दुसरा हात देणे म्हणजे काय, हे त्या वीतभर लाकडावर शिकता येते. आणि ते ज्याला आले, त्याला पुढे घर, विहीर, ग्रंथालय आणि गावही सांभाळता येते.