कोल्हापूरचा विंगर

मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन सुसाट धावणारा, बचावपटूला चकवून गोलसमोर पास देणारा खेळाडू म्हणजे विंगर. अनिकेत जाधव हा असाच आपला मराठी विंगर. जन्म 2000 सालचा, कोल्हापूरचा. जिथे तालमींचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियम दणाणून सोडतात, त्या शहरात फुटबॉल जिव्हाळ्याचाच.

अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मग इंडियन ॲरोज या संघाकडून आय-लीग स्पर्धेतल्या आपल्या पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले. इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्येही त्याने काही काळ सराव केला. या क्लबची मालकी पुण्याच्या व्यंकीज समूहाकडे आहे. पुढे जमशेदपूर, हैदराबाद असे संघ बदलले. 2022 मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकणाऱ्या हैदराबाद संघात तो होता.

विंगरला वेग लागतो, हे खरं. पण माझ्या मते त्याहून मोलाचं आहे ते चेंडू गेला की मागे धावत येऊन बचावाला हात देणं. चेंडूमागे धावणाऱ्या मुलामुलींनो, हे तर शिकाच, आणि दोन्ही पायांनी खेळायलाही आजपासूनच शिका.