मागची दोन चाकं



वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. रिक्षा आपल्या शहराच्या घरचीच. तरी ती चालवायला बाई बसली की लोक अजून वळून बघतात.

आमच्या गटातल्या एका ताईंचं सांगते. रात्री जालना रोडवर मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. प्रशिक्षणात चाक बदलायला मात्र कुणी शिकवलंच नव्हतं. ज्यानं बदलून दिलं, त्यानं आठवडाभर स्टँडवर तेच ऐकवलं. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, हक्कांवर तासभर बोलेन. पण पाना धरायला मलाही येत नव्हतं.

मग पंक्चरवाल्या चाचांना बैठकीला बोलावलं. पुढच्या चाकाला दगड लावा, जॅक चढवण्याआधीच नट सैल करा. रिम दोन तुकड्यांची असते. सगळी हवा काढल्याशिवाय तिचे नट खोलायचे नाहीत, नाहीतर रिम अंगावर उडते. सवाऱ्यांचं वजन आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांवर, म्हणून तिथले टायर लवकर झिजतात. बदलायचे ते जोडीनं. एक नवा, एक गुळगुळीत असला तर पावसात ब्रेक मारताच गाडी ओढते.

जोडी म्हणजे खर्च दुप्पट, आणि गाडीचा हप्ता थांबत नाही. बचत गटातून उचल मागितली तेव्हा आपल्यातल्याच काहीजणी म्हणाल्या, "शिलाई मशीनला ठीक, टायरला कशाला?" दोन बैठका त्यावर गेल्या.

परवा ताईंनी दोन्ही टायर स्वतः बसवले. दीड तास लागला. काळ्या नखांनिशी त्या आज मागच्या रांगेत बसल्यात.